मोझार्टचा कान

वार्षिक परीक्षा जवळ आली म्हणजे पालक आम्हां शिक्षकांना नाना प्रश्न विचारतात. त्यांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मुलगा अभ्यासाला बसला असता शेजारी मंद संगीत लावून ठेवावे काय, त्याने बुद्धी तल्लख होते हे खरे काय, असा तो प्रश्न. काही घरांतून तर याच्याही पुढची गोष्ट कानी येते. मूल पाळण्यात असतानाच त्याला मोझार्ट नावाच्या युरोपीय संगीतकाराच्या रचना ऐकवाव्यात, म्हणजे ते पुढे गणितात हुशार निघते, असा समज आहे. त्या नावाने बुद्धिवर्धक म्हणून ध्वनिफिती व तबकड्या विकल्याही गेल्या. ज्या मनुष्याच्या नावाने हे औषध विकले गेले, तो स्वतः संगीत कसे ऐकत होता आणि त्या ऐकण्यातून त्याला काय मिळाले, हे आधी पाहावे, म्हणून त्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगतो.

वोल्फगांग मोझार्ट याचा जन्म २७ जानेवारी १७५६ रोजी साल्झबर्ग येथे झाला. हे नगर आज ऑस्ट्रियात आहे. त्या काळी तेथे एका आर्चबिशपचे, म्हणजे ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याचे, स्वतंत्र राज्य होते. वोल्फगांगचा पिता लिओपोल्ड हा त्याच दरबारात व्हायोलिनवादक होता. व्हायोलिनच्या शिक्षणावर त्याने लिहिलेला ग्रंथ मुलाच्या जन्माच्याच वर्षी प्रसिद्ध झाला, व पुढे युरोपात तो फार नावाजला. या दांपत्याला सात अपत्ये झाली. त्यांपैकी दोनच जगली. एक वोल्फगांग, आणि दुसरी त्याच्याहून साडेचार वर्षांनी मोठी बहीण मारिया आना. घरात तिला नॅनर्ल म्हणत.

नॅनर्ल सात-आठ वर्षांची होताच पित्याने तिला हार्प्सिकॉर्ड शिकवावयास आरंभ केला. हे वाद्य आपल्या पेटीप्रमाणे पट्ट्यांचे असते, परंतु त्यात भाता नसून पट्टी दाबली असता आतील तार छेडली जाते. बहिणीचा पाठ चालू असता तीन वर्षांचा वोल्फगांग जवळ बसून ऐके. पाठ संपला की तो वाद्यापाशी जाई आणि दोन-दोन पट्ट्या एकदम दाबून एकमेकींशी जुळणारे स्वर शोधीत राही. आपल्याकडे षड्ज आणि गंधार एकदम वाजवावेत, तशी ती जोडी असे. जोडी जुळली म्हणजे त्याला अतिशय आनंद होई. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या घरात संगीत ऐकू येत होते, हे खरेच. पण मूल ऐकून थांबत नव्हते. कानाने धरलेले ते लगेच बोटांनी पडताळून पाहत होते.

नॅनर्लसाठी पित्याने १७५९ मध्ये एक वही केली होती. तीत सोप्या रचना क्रमाने लिहिलेल्या होत्या. चौथ्या वर्षी वोल्फगांग त्याच वहीतून शिकू लागला, आणि लिओपोल्ड एखाद्या हिशेबनीसाप्रमाणे रचनेच्या कडेला टिपणे करू लागला. एक रचना मुलाने आपल्या पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, साडेनऊच्या सुमारास, अर्ध्या तासात आत्मसात केली, अशी नोंद तेथे आहे. शिकणाऱ्याच्या तीव्र बुद्धीबरोबर शिकवणाऱ्याची चिकाटीही या टिपणांत दिसते, आणि ती लोक बहुधा विसरतात. त्याच वर्षी मुलाच्या स्वतःच्या पहिल्या लहान रचना पित्याने लिहून ठेवल्या.

या बाल्यकाळाच्या काही आठवणी शाख्टनर नावाच्या दरबारी वादकाने मोझार्टच्या मृत्यूनंतर त्याच्या बहिणीस पत्राने कळविल्या. शाख्टनरचे एक व्हायोलिन मुलाला फार आवडे. एके दिवशी आपले लहानसे व्हायोलिन वाजवीत असता, शाख्टनरचे व्हायोलिन मागच्या वेळी याच्यापेक्षा किंचित उतरलेले होते, असे त्या मुलाने सांगितले. त्याने दाखविलेले अंतर एका अर्धस्वराच्या चतुर्थांशाइतके, म्हणजे आपल्या श्रुतीहूनही लहान होते. मंडळी हसली, पण ते व्हायोलिन आणवून पाहिले तेव्हा मुलाचे म्हणणे बरोबर निघाले. असा तीक्ष्ण कान असणे हे केवळ सुख नसते. एकट्या वाजणाऱ्या तुतारीचा त्या मुलाला दहाव्या वर्षापर्यंत इतका धसका होता, की पित्याच्या सांगण्यावरून शाख्टनरने एकदा ती त्याच्यासमोर फुंकली, तेव्हा तो पांढराफटक पडला व कोसळण्याच्या बेतात आला.

परंतु या पत्रातील मला सर्वांत मोलाची वाटणारी आठवण संगीताची नाहीच. वोल्फगांग अंकगणित शिकू लागला, तेव्हा काही काळ त्याने संगीत बाजूस ठेवले. आणि घरातील मेज, खुर्च्या, भिंती, एवढेच नव्हे तर जमीनदेखील त्याने खडूने आकडे लिहून भरून टाकली! संगीत ऐकून त्याचे गणित सुधारले असे शाख्टनर म्हणत नाही. जे हाती येईल त्यात संपूर्ण बुडून जाणे हा त्या मुलाचा स्वभावच होता, असे तो सांगतो. संगीत व गणित यांचा जो संबंध लोक शोधतात, तो निदान या मुलाच्या बाबतीत त्या स्वभावात असावा, असे मला वाटते.

१७६२ मध्ये लिओपोल्ड दोन्ही मुलांना घेऊन बाहेर पडला. व्हिएन्नाला राणी मारिया थेरेसापुढे त्यांचे वादन झाले. पुढच्या वर्षी निघालेला प्रवास साडेतीन वर्षे चालला, आणि पॅरिस, लंडन, हॉलंड असा घोडागाडीने फिरून १७६६ च्या अखेरीस हे कुटुंब घरी परतले. वाटेत हॉलंडात दोन्ही मुले जीवघेण्या तापाने आजारी पडली. या दौऱ्यांत पैसा मिळाला, कीर्ती मिळाली. मुलांच्या बालपणाची किंमत किती द्यावी लागली, याचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

लंडनमध्ये असता जून १७६५ मध्ये डेन्स बॅरिंग्टन नावाच्या एका कायदेपंडिताने वोल्फगांगची परीक्षा घेतली. मुलाने पूर्वी कधीही न पाहिलेली पाच ओळींची एक हस्तलिखित रचना त्याने समोर ठेवली. मुलाने वादन सांभाळून वरचा गळा आपल्या बारीक आवाजात गायिला, आणि पित्याने खालचा. पिता एक-दोनदा चुकला, तेव्हा मुलाने रागाने त्याच्याकडे पाहून चूक दाखविली. नंतर त्याला प्रेमाचे व संतापाचे अशी दोन गीते आयत्या वेळी रचावयास सांगितले. तीही त्याने रचली. इतक्यात खोलीत एक मांजर शिरले. परीक्षा तेथेच राहिली! मांजरामागे गेलेल्या मुलाला वाद्यापाशी परत आणण्यास बराच वेळ लागला. मधूनच तो पायांमध्ये काठी धरून घोडा घोडा खेळत खोलीभर धावे. बॅरिंग्टन हा चौकस गृहस्थ होता. पित्याने वय चोरून सांगितले असेल, अशी शंका घेऊन त्याने साल्झबर्गहून जन्माचा दाखला मागविला, व मगच आपला वृत्तांत रॉयल सोसायटीपुढे ठेवला. मुलगा त्या वेळी नऊ वर्षांचा होता. संगीत आणि बुद्धी यांविषयी बोलताना दाखला मागविण्याची ही वृत्ती पुढे अनेकांनी सोडून दिली, हे आपण पाहणारच आहोत.

१७६९ च्या डिसेंबरात पितापुत्र इटलीस निघाले. पुढच्या एप्रिलात, ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहात, ते रोमला पोहोचले. पोपच्या सिस्टीन प्रार्थनामंदिरात त्या सप्ताहात अलेग्री याने सतराव्या शतकात रचलेले ‘मिझरेरे’ हे प्रार्थनागीत गायिले जाई. त्यात दोन वृंद असतात, एक पाच गळ्यांचा व दुसरा चार गळ्यांचा. शेवटी नऊही गळे एकत्र येतात. प्रत्येक गळ्याची चाल वेगळी, आणि सर्व एकाच वेळी चाललेल्या. या गीताची नक्कल बाहेर जाऊ नये असा त्या मंदिराचा कटाक्ष होता. चौदा वर्षांच्या वोल्फगांगने ते बुधवारी एकदा ऐकले आणि मुक्कामी येऊन स्मरणाने लिहून काढले. शुक्रवारी तो पुन्हा गेला आणि राहिलेल्या चुका त्याने दुरुस्त केल्या.

ही कथा सांगताना पुष्कळ लेखक भान विसरतात. गीताच्या काही नकला त्यापूर्वीच बाहेर गेलेल्या होत्या, आणि मोझार्टने ते आधी कोठे ऐकले असण्याचाही संभव आहे. शिवाय त्या गीतात ठरावीक स्वररचना निरनिराळ्या कडव्यांसाठी पुनःपुन्हा येते, त्यामुळे लक्षात ठेवावयाचा मजकूर वाटतो तितका मोठा नाही. परंतु एवढे वजा करूनही जे उरते ते थोडे नव्हे. ज्याला या शास्त्राची घडण आतून ठाऊक आहे, त्यालाच पुढचा स्वर कोठे जाईल याचा अंदाज करता येतो. संस्कृत जाणणारा विद्यार्थी अपरिचित श्लोक दोनदा ऐकून म्हणून दाखवितो; न जाणणाऱ्याला त्यातील एक चरणही धरवत नाही. मंदिरात त्या दिवशी शेकडो माणसे बसली असतील. संगीत सर्वांच्या कानांवर सारखेच पडले. आणि शुक्रवारी दुसऱ्यांदा जाणे, ही त्या प्रसंगातील खरी शिकवण्याजोगी गोष्ट आहे. ज्याला आपल्या चुका ठाऊक असतात तोच पुन्हा जातो.

त्याच वर्षी बोलोन्या येथे पाद्रे मार्टिनी या वृद्ध पंडिताकडे तो अनेक चाली एकमेकींत गुंफण्याची कठीण विद्या शिकला. तेथील संगीत-अकादमीच्या प्रवेशपरीक्षेसाठी त्याने लिहिलेली उत्तररचना आजही आहे, आणि मार्टिनीने ती सुधारून दिलेली प्रतही आहे. एवढ्या मोठ्या प्रतिभेच्या मुलाचीही वही तपासली जात होती, हे पाहून आमच्या वर्गातील काही मित्रांना धीर येईल.

या इटलीच्या प्रवासात नॅनर्ल नव्हती. ती अठरा वर्षांची झाली होती. विवाहयोग्य मुलीने लोकांपुढे वाजविणे शोभत नाही, म्हणून तिला आईबरोबर घरी ठेवले होते. तिनेही तीच वही गिरविली होती. तोच गुरू, तेच घर, तोच प्रवास, तेच श्रवण. लहानपणीच्या जाहिरातींत तर तिचे नाव पहिले येई. तिने गीते रचली होती, आणि धाकट्या भावाने इटलीहून पत्रात तिच्या एका गीताची मनःपूर्वक वाखाणणी केली होती. त्यांतील एकही आज उपलब्ध नाही. ऐकण्यानेच सर्व काही होत असते, तर या घरातून दोन मोझार्ट निघावयास हवे होते. नॅनर्लच्या कानात काही उणे नव्हते. तिच्या हातातील लेखणीला मात्र पुढे वाव मिळाला नाही.

वोल्फगांगची पुढील काही वर्षे साल्झबर्गच्या नोकरीत कुचंबणेची गेली. नोकरीच्या शोधात पॅरिसला गेला असता जुलै १७७८ मध्ये बरोबर आलेली आई तेथेच वारली. १७८१ मध्ये आर्चबिशपशी बिनसले, आणि त्या दरबारच्या एका सरदाराने त्याला अक्षरशः लाथ मारून बाहेर काढले. तो व्हिएन्नातच राहिला, शिकवण्या करू लागला, आणि १७८२ मध्ये कोन्स्टान्झे वेबर हिच्याशी त्याने विवाह केला.

शिकवणीला येणाऱ्यांत जोसेफा आउएर्नहामर नावाची एक कुशल वादिका होती. गुरुशिष्येने दोन पियानोंवर एकत्र वाजवावी म्हणून मोझार्टने १७८१ मध्ये एक सोनाटा रचला, आणि नोव्हेंबरात दोघांनी तो तिच्या घरी वाजविला. मोठा खेळकर, चपळ व प्रसन्न असा हा सोनाटा आहे. बरोबर २१२ वर्षांनी त्याला एक अनपेक्षित नशीब लाभले, म्हणून येथे चरित्र क्षणभर थांबवितो.

१९९३ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत फ्रान्सिस राउशर व तिच्या सहकाऱ्यांनी ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांना एकदा हा सोनाटा दहा मिनिटे ऐकविला. एकदा अंग सैल सोडण्याच्या सूचनांची फीत ऐकविली. एकदा दहा मिनिटे नुसते शांत बसविले. प्रत्येक वेळी लगेच, घड्या घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा जातीचे प्रश्न दिले. सोनाट्यानंतर गुण अधिक आले. बुद्ध्यंकाच्या भाषेत आठ-नऊ अंकांनी. परंतु हा लाभ दहा-पंधरा मिनिटांतच ओसरला, असेही त्याच निबंधात नमूद होते. त्यात तान्ह्या मुलांचा उल्लेख नव्हता, आणि बुद्धी कायमची वाढते असाही दावा नव्हता. तरीही पाच वर्षांच्या आत जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बालकाला संगीताची तबकडी देण्यासाठी एक लाख पाच हजार डॉलर मागितले. बॅरिंग्टनसारखा दाखला मागविणारा कोणी त्या वेळी पुढे आला नाही.

दाखले नंतर आले. १९९९ मध्ये सोळा प्रयोगांचे आकडे एकत्र मांडून पाहिले, तेव्हा लाभ जेमतेम दीड अंकाचा भरला. काही संशोधकांनी मोझार्टऐवजी एक गोष्ट वाचून दाखविली. ज्यांना गोष्ट अधिक आवडली त्यांना गोष्टीनंतर चांगले गुण मिळाले. दुसऱ्या एका प्रयोगात मंद व उदास रचना ऐकविली, तेव्हा तसा लाभ दिसलाच नाही. आवडीचे काही ऐकले की मन उल्हसित व जागे होते, आणि जागे मन थोडा वेळ बरे काम करते, एवढेच त्यातून सिद्ध झाले. सकाळची मोकळी हवा किंवा चहाचा पेलाही तेच करतो. २०१० मध्ये सुमारे चाळीस प्रयोगांची आणि तीन हजारांवर माणसांची एकत्र छाननी होऊन मोझार्टच्या संगीतात बुद्धी वाढविण्याचा खास गुण नाही, असा निर्णय झाला. हा निर्णय व्हिएन्ना विद्यापीठातूनच यावा, याची मला गंमत वाटते.

ऐकणे सोडून शिकण्याकडे वळले तर चित्र थोडे बदलते, पण थोडेच. सहा वर्षांच्या १४४ मुलांना कॅनडात वर्षभर निरनिराळे शिक्षण देऊन पाहिले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात वादन व गायन शिकलेल्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा किंचित अधिक वाढला. नाटक शिकलेली मुले मात्र वागणुकीत सुधारली. पुढील काटेकोर प्रयोगांच्या छाननीत संगीतशिक्षणाचा हा लाभही जवळजवळ नाहीसा झाला. अभ्यासाच्या वेळी गाणे लावण्याविषयी तर उत्तर सरळ आहे. ज्या गाण्याचे शब्द कळतात ते चालू ठेवून पाठांतर करू नये. कानांवरचे शब्द आणि पुस्तकातले शब्द यांची ओढाताण होते.

व्हिएन्नात मोझार्टचे स्वतःचे श्रवण कसे चालले होते? बॅरन फान स्वीटेन या रसिक ग्रंथपालाच्या घरी १७८२ पासून दर रविवारी दुपारी जुन्या बाख व हँडेल यांच्या रचना वाजविल्या जात. मोझार्ट त्या ऐके, वाजवी, घरी नेऊन उतरवून घेई, आणि तशा स्वतः रचून पाही. सव्वीस वर्षांचा नावाजलेला कलावंत पुन्हा विद्यार्थी झाला होता. १७८५ मध्ये हायडन या ज्येष्ठ संगीतकाराला अर्पण केलेल्या सहा चतुर्वाद्य रचना दीर्घ व कष्टाच्या परिश्रमाचे फळ असल्याचे त्याने अर्पणपत्रिकेत सांगितले आहे. हस्तलिखितांतील खाडाखोड त्याची साक्ष देते. संपूर्ण रचना डोक्यात आपोआप उमटते, असे सांगणारे त्याचे एक पत्र १८१५ मध्ये छापले गेले व फार गाजले. ते बनावट आहे, असे अभ्यासक मानतात.

कान मात्र सदैव उघडा असे. मे १७८४ मध्ये त्याने आपल्या साळुंकीच्या कुळातला एक पक्षी ३४ क्रॉइट्झर देऊन विकत घेतला, आणि त्याने शीळ घातलेली चाल खर्चाच्या वहीत लिहून ठेवली. त्याच्या नव्या पियानो-रचनेतील चालीशी ती बहुतांशी जुळत होती. एका जागी पक्षी तेवढा चढा लागत होता! तीन वर्षांनी पक्षी मेला तेव्हा मोझार्टने त्याला बागेत पुरून त्यावर कविता केली.

अखेरची वर्षे कर्जाची गेली. १७८८ च्या उन्हाळ्यात त्याची लहान मुलगी वारली, व्यापारी मित्राला उसनवारीची पत्रे जात होती, आणि त्याच सुमारे दोन महिन्यांत शेवटच्या तीन थोर सिंफनी पुऱ्या झाल्या. ५ डिसेंबर १७९१ रोजी, छत्तिसावे वर्षही पुरे न होता, तो मरण पावला. सहा अपत्यांपैकी दोन मुलगे मागे राहिले. थोरला पुढे मिलान येथे सरकारी नोकर झाला. धाकटा पित्याच्या मृत्युसमयी चार महिन्यांचा होता. तो संगीतकार झाला, पण जन्मभर त्याला पित्याचे नावच मोठे ठरले. दोघांनाही संतती नव्हती.

नॅनर्लने १७८४ मध्ये पाच मुले असलेल्या एका विधुर न्यायाधिकाऱ्याशी विवाह केला. पतीच्या मृत्यूनंतर ती साल्झबर्गला परतली, आणि बरीच वर्षे मुलामुलींना पियानो शिकवीत राहिली. लहानपणीची ती वही तिने जपली होती. भावाची आठवण मागणाऱ्यांना तीतील एखादे पान ती फाडून देई. उतारवयात तिची दृष्टी गेली. १८२९ च्या उन्हाळ्यात व्हिन्सेंट नोव्हेलो हा इंग्रज संगीत-प्रकाशक, चाहत्यांनी तिच्यासाठी जमविलेली रक्कम घेऊन, पत्नीसह तिच्या भेटीस गेला. ती अंथरुणावर पडून होती, आंधळी, आणि बोलणेही कष्टाचे झालेली. ज्या वाद्यावर ती आणि तिचा भाऊ एकत्र वाजवीत, ते त्या घरात अजून होते. त्यानंतर तीन महिन्यांनी, २९ ऑक्टोबरला, वयाच्या ७८ व्या वर्षी ती वारली.